सांधा कुणाच्या मालकीचा?

मंडळी, तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेल्यांनी रॉकेटवर बोलावं याचं काहींना नवल वाटेल. रॉकेट कसं उडतं हे सांगणारी जाणती माणसं आपल्याकडे पुष्कळ आहेत. तो प्रांत त्यांचाच. आज आपण बोलणार आहोत ते रॉकेट न बांधणाऱ्या, न उडवणाऱ्या आणि त्याचे पैसेही न देणाऱ्या माणसांबद्दल. तरीही ही माणसं मोठ्या आंतरराष्ट्रीय अवकाश प्रकल्पांत बैठकीगणिक हजर असतात. लग्नघरात एक गृहस्थ असतात बघा, ना वराचे मामा ना वधूचे काका, पण वही त्यांच्या हातात. केटररला कुणी सांगितलं, हॉलची किल्ली कुणाकडे, हे त्यांनाच ठाऊक. प्रकल्प-व्यवस्थापन करणाऱ्या सल्लागार संस्थेचं काम ढोबळमानाने असंच असतं. फरक इतकाच, की इथे लग्न पंधरा देशांत मिळून लागतं आणि मुहूर्त दहा वर्षांनंतरचा असतो.

या कामाची गरज का पडते, हे समजायला आपण आधी एका अपयशाकडे जाऊ.

१९६०च्या दशकाच्या सुरुवातीला पश्चिम युरोपातल्या देशांनी ठरवलं की उपग्रह सोडायला आपलं स्वतःचं रॉकेट हवं. ब्रिटनकडे 'ब्लू स्ट्रीक' नावाचं एक क्षेपणास्त्र होतं. त्याचा लष्करी कार्यक्रम १९६० साली रद्द झाला होता, म्हणजे वस्तू तयार पण काम नाही अशी अवस्था. मग वाटणी झाली. पहिला टप्पा ब्रिटनचा, दुसरा फ्रान्सचा, तिसरा पश्चिम जर्मनीचा, चाचणीचा उपग्रह इटलीचा, जमिनीवरची मार्गदर्शन यंत्रणा बेल्जियमची, दूरसंदेशवहन नेदरलँड्सचं आणि उड्डाणाची जागा ऑस्ट्रेलियातलं वूमेरा. रॉकेटचं नाव 'युरोपा', संस्थेचं नाव एल्डो.

कागदावर ही वाटणी न्याय्य दिसते. सगळ्यांना काम, सगळ्यांना मान. १९६४पासून नुसत्या पहिल्या टप्प्याच्या चाचण्या झाल्या, त्या चांगल्या पार पडल्या. मग टप्पे एकावर एक चढू लागले आणि घोळ सुरू झाला. १९६७ मधल्या दोन उड्डाणांत फ्रेंच टप्पा पेटलाच नाही. १९६८ आणि १९६९ मध्ये जर्मन टप्प्याने दगा दिला. १९७०च्या जूनमध्ये तिन्ही टप्पे चालले, तर उपग्रहावरचं आवरण सुटलं नाही आणि त्या वजनापायी उपग्रह कक्षेत पोचला नाही. शेवटचं उड्डाण ५ नोव्हेंबर १९७१ रोजी फ्रेंच गयानातल्या कूरूहून झालं, तेही फसलं. उपग्रह कक्षेत नेण्याचं काम युरोपाला एकदाही जमलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, इंजिनिअर कच्चे असतील. तसं नव्हतं. ब्रिटन, फ्रान्स आणि जर्मनीतले हे लोक आपापल्या कामात तरबेज होते. चौकशी झाली तेव्हा तांत्रिक दोषांबरोबर बोट ठेवलं गेलं ते व्यवस्थापनावर. एल्डोचं सचिवालय पॅरिसला होतं, पण त्याच्या हातात अधिकार फारच तोकडे. पैसा प्रत्येक सरकार आपापल्या कारखान्यांना देई, कंत्राटं ते करी, सूचनाही तेच देई. जर्मन टप्पा फ्रेंच टप्प्यावर बसवताना दोघांच्या मधल्या त्या कड्याचं, तारांचं, विद्युत जोडणीचं उत्तर कोण देणार? फ्रेंच म्हणणार आमचा टप्पा ठीक आहे. जर्मन म्हणणार आमचाही ठीक आहे. आणि गंमत म्हणजे आपापल्या अंगणात उभं राहून बघितलं तर दोघंही खरं बोलत होते.

इथे आमच्या विषयाचा संबंध येतो. वैशेषिक दर्शनात दोन वस्तूंच्या जोडाला 'संयोग' म्हणतात आणि तो गुण मानतात. पण गुण म्हटला की तो कुठल्यातरी एका द्रव्यात राहायला हवा. रंग फुलात राहतो, वास मातीत राहतो. संयोग मात्र दोन्ही द्रव्यांत मिळून राहतो, एकट्या कुणात राहत नाही. विद्यार्थ्यांना हे शिकवताना आम्ही दोन पुस्तकं एकमेकांना टेकवून दाखवत असू आणि विचारत असू, 'हा स्पर्श कुठल्या पुस्तकाचा?' वर्ग हसायचा. युरोपाच्या बाबतीत हसण्यासारखं काही नव्हतं. सांधा दोघांचा होता, म्हणून तो कुणाच्याच पगारात बसत नव्हता.

दुसरा वादही जुनाच आहे. न्यायवैशेषिक म्हणतात, कापड म्हणजे नुसते धागे नव्हेत, धाग्यांहून वेगळा असा 'अवयवी' त्यात निर्माण होतो. बौद्ध म्हणतात, धाग्यांपलीकडे काही नाही, कापड हे आपण दिलेलं नाव. वर्गात दोन्ही बाजू मांडता येतात. अवकाश प्रकल्पाच्या कचेरीत मात्र न्यायवैशेषिकांचीच बाजू घ्यावी लागते, कारण रॉकेट ही टप्प्यांपलीकडची वेगळी वस्तू आहे असं मानून तिच्यासाठी कुणाला तरी नेमलं नाही, तर काय होतं ते आपण पाहिलंच.

युरोप यातून शिकला. १९७५ साली युरोपीय अवकाश संस्था, म्हणजे ईसा, उभी राहिली. पुढचं रॉकेट एरियान. त्याचे भागही देशोदेशी बनत होते, पण त्याची तांत्रिक आणि व्यवस्थापकीय सूत्रं फ्रान्सच्या राष्ट्रीय अवकाश केंद्राकडे एकहाती दिली गेली आणि पैशाचा मोठा वाटाही फ्रान्सनेच उचलला. २४ डिसेंबर १९७९ रोजी एरियान पहिल्याच उड्डाणात यशस्वी झालं.

पण कामाची वाटणी काही गेली नाही. ईसामध्ये आजही नियम असा की देशाने जेवढा पैसा घातला, साधारण त्या प्रमाणात कंत्राटं त्या देशातल्या उद्योगांना परत जावीत. म्हणजे भाग कोण बनवणार हे कधी कधी कौशल्याइतकंच नकाशावरून ठरतं. यावर टीका पुष्कळ होते. आमच्या मते मात्र ही किंमत मोजूनच हे देश एकत्र राहतात. आपल्याकडे एकत्र कुटुंबात वाटण्या करताना पाहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. पण नकाशावरून तुकडे पाडले की सांधे वाढतात, आणि सांधे वाढले की ती वहीवाली माणसं लागतात.

ही माणसं करतात काय? नेदरलँड्समधल्या नोर्डवाइक इथे ईसाचं तांत्रिक केंद्र आहे. अशा ठिकाणी संस्थेच्या स्वतःच्या माणसांच्या शेजारी सल्लागार संस्थांनी पुरवलेले नियोजनकार, खर्चाचा हिशेब ठेवणारे, जोखमींची नोंद ठेवणारे बसलेले असतात. त्यांच्या कामातला एक कागद सगळ्यात महत्त्वाचा: इंटरफेस कंट्रोल डॉक्युमेंट. दोन भाग जिथे भेटतात तिथे बोल्ट किती आणि कुठे, तारेत किती व्होल्ट, माहिती कुठल्या रूपात आणि कुठल्या एककात, हे सगळं त्यात लिहायचं आणि दोन्ही बाजूंनी सही करायची. नंतर एका बाजूला काही बदलायचं असेल तर परस्पर बदलता येत नाही, बदल-समितीपुढे यावं लागतं. वाचायला इतका रुक्ष दस्तऐवज जगात दुसरा नसेल. तो सात-बारासारखा असतो. भांडण होईपर्यंत कुणी उघडत नाही.

नुसता कागद असून भागत नाही, हे मात्र लक्षात घ्यायला हवं. १९९९ साली नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर मंगळापाशी नष्ट झालं, ती गोष्ट तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ऐकली असेल. यान बांधणाऱ्या कंपनीचं जमिनीवरचं सॉफ्टवेअर बलाचा आवेग पाउंड-सेकंदात देत होतं, मार्ग काढणारे तो न्यूटन-सेकंद समजत होते. दोहोंत जवळजवळ साडेचार पटींचा फरक. एकक कुठलं हवं हे लिहिलेलं होतं. आम्हाला महत्त्वाची वाटते ती गोष्ट पुढची. मार्ग काढणाऱ्यांपैकी काहींना आकडे जुळत नाहीत अशी शंका प्रवासातच आली होती. ती त्यांनी बोलून दाखवली, पण शंका नोंदवण्याची जी रीतसर पद्धत होती तिच्यात ती नीट उतरली नाही. तोंडी शंका हवेत राहिली. कंटाळवाण्या नोंदवहीवर एक माणूस बसवायचा तो यासाठी, की शंकेला नंबर मिळावा, तिच्यापुढे कुणाचं तरी नाव लागावं आणि ती बंद केल्याशिवाय पुढे जाता येऊ नये.

आता सांध्याचाच दुसरा प्रकार बघू, वेळेचा. इथे सल्लागार संस्थेचा इतिहासातला वाटा मोठा आहे. १९५८ साली अमेरिकी नौदल पाणबुडीतून सोडायचं पोलारिस क्षेपणास्त्र बनवत होतं. कंत्राटदार आणि उपकंत्राटदार इतके, की कोण कुणासाठी खोळंबलंय हे कळेना. नौदलाच्या खास कार्यालयाने लॉकहीड कंपनी आणि बूझ, अ‍ॅलन अँड हॅमिल्टन ही सल्लागार संस्था यांच्यासोबत एक पद्धत बसवली, तिचं नाव पर्ट. कामांचं जाळं काढायचं: हे झाल्याशिवाय ते नाही. प्रत्येक कामाला तीन अंदाज विचारायचे. सगळं सुरळीत झालं तर किती, बहुधा किती, आणि सगळं बिघडलं तर किती. समजा उत्तरं आली ४, ६ आणि १४ आठवडे. मधल्या अंदाजाला चौपट वजन देऊन तिन्हींची बेरीज करायची आणि ६ने भागायचं: ४ अधिक २४ अधिक १४, म्हणजे ४२, भागिले ६, उत्तर ७ आठवडे. 'बहुधा सहा' म्हणणाऱ्या माणसाचे सात होतात ते त्याने मनात दडवलेल्या त्या चौदामुळे.

ही पद्धत अवकाश क्षेत्रात लगेच शिरली. १९६२ मध्ये अमेरिकी संरक्षण खातं आणि नासा यांनी मिळून पर्टला खर्चाचा हिशेब जोडणारी मार्गदर्शिका काढली. पण पोलारिसचा अभ्यास करणाऱ्या हार्वी सापोल्स्की यांनी १९७२ साली जे दाखवलं ते जरा बोचरं आहे. पर्टचा जितका गवगवा झाला तितका तिचा प्रत्यक्ष वापर नव्हता. भिंतीवरचे ते तक्ते पाहून बाहेरचे लोक दबत आणि आत ढवळाढवळ करत नसत, हाही तिचा एक मोठा उपयोग होता! सल्लागाराचा तक्ता कधी कधी देवळातल्या घंटेसारखा असतो. देव जागा होतो की नाही ते ठाऊक नाही, भक्ताला मात्र बरं वाटतं.

तरी जाळ्यातून एक खरं ज्ञान मिळतं, आणि ते आपल्या सहज बुद्धीच्या विरुद्ध आहे. मुहूर्ताचंच उदाहरण घ्या. गुरुजी, वाजंत्री, वधूकडची बस, हॉल, जेवण, अशा पाच गोष्टी वेळेवर हव्यात. प्रत्येक जण वेळेवर येण्याची शक्यता ८० टक्के धरा, म्हणजे पाचही माणसं तशी भरवशाची. पण मुहूर्त पाचही आल्याशिवाय लागत नाही. दोघं वेळेवर येण्याची शक्यता ६४ टक्के. पाचही? जेमतेम ३३ टक्के. दहा गोष्टी असतील तर ११ टक्क्यांच्या आत. यात कुणीही आळशी नाही, कुणी खोटं बोललेलं नाही. वेगवेगळ्या वाटा एका ठिकाणी येऊन मिळतात, एवढंच पुरतं. आंतरराष्ट्रीय प्रकल्पात तर दहा वाटा दहा देशांतून येतात आणि प्रत्येक देशाचं अंदाजपत्रक वेगळ्या महिन्यात मंजूर होतं.

म्हणून नासाने २००९ पासून धोरण ठेवलं, की मोठ्या प्रकल्पाला मंजुरी देताना ठरलेला खर्च आणि ठरलेली तारीख दोन्ही मिळून साधण्याची शक्यता साधारण ७० टक्के तरी असावी, असा हिशेब करून पैसा आणि वेळ ठेवायचा. या धोरणातली कबुली आम्हाला मोलाची वाटते. उरलेले ३० टक्के सरकारी कागदावर आले.

पण ७० टक्के शक्यतेची तारीख मंत्र्यांच्या भाषणात गेली की तिथे टक्के उरत नाहीत. इंजिनिअर म्हणतो, 'ऑक्टोबरपर्यंत व्हावं.' तो अंदाज आहे. अर्थसंकल्पात तो 'ऑक्टोबरमध्ये होईल' असा येतो. ते वचन आहे. वाक्य जवळजवळ तेच, पण अंदाज चुकला तर सुधारायचा असतो आणि वचन मोडलं तर कुणाला तरी जबाब द्यावा लागतो. या दोन वाक्यांच्या मधल्या सांध्यावर सल्लागार बसलेला असतो, आणि आमच्या मते त्याच्या कामाचं खरं नैतिक वजन इथे आहे. तो एका खोलीत अंदाज ऐकतो आणि दुसऱ्या खोलीत तक्ता दाखवतो. तक्त्यात नुसतं 'ऑक्टोबर' लिहिलं की अंदाजाचं वचन झालं, आणि ते कुणी केलं हे नंतर सापडतही नाही.

जेम्स वेब दुर्बिणीचं काय झालं बघा. नासा, ईसा आणि कॅनडाची अवकाश संस्था यांचा हा प्रकल्प. सुरुवातीचे आकडे १ अब्ज डॉलरच्या आसपासचे होते आणि उड्डाण २००७ला व्हायचं होतं. २०१० साली जॉन कसानी यांच्या अध्यक्षतेखाली बाहेरच्या तज्ज्ञांची समिती बसली. तिचा निष्कर्ष असा, की अडचण तंत्रज्ञानाच्या कामगिरीत नसून पैशाच्या आखणीत आणि व्यवस्थापनात आहे. मग नवी तारीख आली, ऑक्टोबर २०१८. तीही टळली, कारण सूर्यापासून आडोसा देणाऱ्या पडद्याच्या आवरणाचे स्क्रू चाचणीत सुटले, प्रणोदकांच्या झडपा चुकीच्या द्रावकाने साफ केल्या गेल्या, अशा गोष्टी. २०१८ मध्ये टॉम यंग यांची समिती बसली. तिने दाखवून दिलं की या दुर्बिणीत ३४४ जागा अशा आहेत जिथे एक गोष्ट बिघडली तर सगळंच जाईल. शेवटी २५ डिसेंबर २०२१ रोजी युरोपच्या एरियान-५वरून ती गेली, एकूण खर्च १० अब्ज डॉलरच्या घरात. उड्डाण इतकं अचूक झालं की मार्ग सुधारायला ठेवलेलं इंधन वाचलं आणि दुर्बिणीचं आयुष्य वाढलं. यातली एक गोष्ट ध्यानात घ्या. दोन्ही वेळा खरं मोठ्याने सांगितलं ते बाहेरून आलेल्या आणि काम संपलं की घरी जाणाऱ्या समित्यांनी. रोज आत बसणाऱ्यांना ते आधी ठाऊक नव्हतं असं मानणं अवघड आहे.

इथे सल्लागाराची गोची आहे. ज्याच्याबद्दल अप्रिय बोलायचं, तोच त्याचं बिल मंजूर करतो. त्याला माहिती सगळी असते, अधिकार काहीच नसतो. दर आठवड्याला लाल खूण दाखवली तर पुढचं कंत्राट मिळेल का, ही धाकधूक असते. हिरवी दाखवली तर कुणीच काही विचारत नाही. चांगल्या संस्था यातून वाट काढतात ती बरीचशी साधी असते. तारखेसोबत तिची शक्यता छापायची, जुनी तारीख पुसायची नाही तर नवीच्या शेजारी ठेवायची. सरकलेल्या तारखांची ती रांग बैठकीतल्या कुणाहीपेक्षा स्पष्ट बोलते.

प्रामाणिकपणाची किंमत कधी कधी रोख मोजावी लागते. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाचा करार १९९८च्या जानेवारीत १५ देशांनी केला. पहिला भाग झार्या, पैसा अमेरिकेचा आणि बांधणी रशियाची, २० नोव्हेंबर १९९८ला वर गेला. दोन आठवड्यांनी अमेरिकेचा युनिटी त्याला जोडला गेला. हे दोन भाग एकमेकांना पहिल्यांदा भेटले ते अवकाशातच. पुढचा रशियन भाग झ्वेझ्दा मात्र पैशाअभावी रखडला. तो आल्याशिवाय माणसं राहायला जाणं शक्य नव्हतं. भागीदाराच्या तारखेवर विश्वास नाही असं तोंडावर म्हणता येत नाही. पण अमेरिकेने नौदलाच्या प्रयोगशाळेकडून एक पर्यायी नियंत्रण भाग बनवायला घेतला. झ्वेझ्दा १२ जुलै २०००ला वर गेला आणि तो पर्यायी भाग कधीच उडाला नाही. वाया गेला का तो पैसा? हिशेबतपासनीस काय म्हणतील ते म्हणोत, आम्ही त्याला भागीदारी न मोडता शंका बाळगण्याचा खर्च म्हणू. विमा काढूनही माणूस मेला नाही म्हणून हप्ते वाया गेले असं आपण म्हणत नाही.

आपल्याकडचंही एक उदाहरण देतो आणि थांबतो. निसार उपग्रहाचा करार नासा आणि इस्रो यांच्यात २०१४ मध्ये झाला. एका उपग्रहावर दोन रडार, एक अमेरिकेचं, एक आपलं. आपलं रडार आधी कॅलिफोर्नियाला गेलं, तिथे दोन्ही जोडली गेली, मग ती जोडी २०२३ साली बंगळूरुला आली. अमेरिकेने दिलेली १२ मीटर व्यासाची जाळीची तबकडी होती. चाचण्यांत दिसलं की घडी घातलेल्या अवस्थेत ती अपेक्षेपेक्षा जास्त तापू शकते. उड्डाण तोंडावर आलेलं असताना तबकडी काढून, खोक्यात भरून, परत अमेरिकेला पाठवली गेली, तिच्यावर उष्णता परावर्तित करणारा थर चढवला गेला आणि २०२४ संपण्याआधी ती परत आली. त्यात महिने गेले. उपग्रह ३० जुलै २०२५ला श्रीहरिकोटाहून गेला आणि १५ ऑगस्टला ती जाळी वर उघडली. ती तबकडी परत पाठवायची असं कुठल्यातरी बैठकीत कुणीतरी आधी म्हणालं असणार, आणि त्या खोलीत दोन देशांची माणसं आपापल्या तारखा घेऊन बसलेली असणार.

एवढंच. आता तुमचे प्रश्न घेऊ.